अकरा संस्था आणि एक ऐन

एका जंगलात, शके एकोणीसशे पस्तीस, फाल्गुन वद्य पंचमीला, पळस झडायला लागला होता तेव्हा, ही गोष्ट सुरू झाली. तिथी मुद्दाम सांगतो. नाहीतर उद्या तुमच्यातलाच कोणी शहाणा म्हणेल, असं कधी झालंच नाही. नीट बसा. मध्ये बोलू नका.

त्या जंगलात एक साळू होती. अंगभर काटे, पुढे दोन पिवळे दात, वय झालेलं. ती एका ऐनाच्या झाडाखाली पिल्लांची शाळा घेई. शाळेला पाटी नव्हती, घंटा नव्हती. रोज पहिला धडा तोच.

"साल कशी काढायची?"

"उभी! एका बाजूनं! बोटभर!" पिल्लं ओरडत.

"आणि गोल काढली तर?"

"झाड मेलं!"

हा धडा साळूला कोणी शिकवला नव्हता. तरुणपणी, एका कोरड्या वर्षी, भुकेच्या भरात तिनं एक मोठा ऐन चहूबाजूंनी सोलून खाल्ला होता. झाड उभ्या उभ्या वाळलं आणि पडलं. त्या झाडावरूनच एक शेकरू बेहड्यावरून उंबराकडे जाई. शेकरू म्हणजे मोठी रानखार. ती जमिनीवर पाय ठेवत नाही. कुळाचा रिवाज आहे तो. ऐन गेला आणि ती बेहड्यावर अडकली. लेकी पलीकडे, उंबरं पलीकडे, ही अलीकडे.

"तुमचं झाड परत देईन, बाई," साळू म्हणाली होती.

"बघू," शेकरू म्हणाली होती.

साळूनं त्याच जागी ऐनाचं बी रुजवलं. बारा वर्षं राखलं. शाळा भरे ती याच ऐनाखाली. आता अजून चार पावसाळे गेले, की फांदी एका उडीच्या टप्प्यात येणार होती.

तर त्या पंचमीला शाळेत पाहुणे आले. रानबोध प्रतिष्ठानाचा कोल्हा, थेंबमित्र न्यासाचा बगळा आणि फांदीसखा मंडळाचं माकड. तिघांच्याही गळ्यात पानांचे बिल्ले होते.

कोल्हा म्हणाला, "साळूताई, तुमचं काम फार मोठं आहे. ते एकटीनं करायचं नसतं. आम्ही भागीदारी करतोय. सगळ्या विभागात पर्यावरणाचं शिक्षण! सगळे मिळून!"

"करा की. पिल्लं बसलीत. शिकवा."

"आधी करार," बगळा म्हणाला.

करार सालीवर होत असे. पण नाव पहिलं कोणाचं, यावर तिघांनी तीन महिने घालवले होते. शेवटी कोल्ह्याला युक्ती सुचली होती. नावं झाडाभोवती गोल लिहायची. गोलाला पहिलं नाही, शेवटचं नाही. सगळे समान.

"आणि मग तो पट्टा अखंड सोलून घ्यायचा," कोल्हा म्हणाला. "तीन वीत घेर, तीन संस्था. बरोब्बर मावतात."

"गोल सोलणार?" साळूचे काटे उभे राहिले. "अहो, झाड मरेल!"

"झाड मेलं!" पिल्लं सवयीनं ओरडली.

"वा! हे स्थानिक ज्ञान," बगळा म्हणाला. "त्यासाठी वेगळं सत्र ठेवलंय. उद्या, जेवणानंतर."

"आणि करार?"

"तो आज."

"दुसरं झाड घ्या. दरीत जाडी झाडं आहेत."

"ती वाळली," माकड म्हणालं. "आधीचे करार त्यांच्यावर झाले ना. ती का वाळली, यावर आम्ही शिबिरही घेतलं. छान झालं शिबिर."

साळूनं वर पाहिलं. बेहड्यावरून शेकरू पाहत होती.

"आता सोलायचं काम तुमचं, ताई," कोल्हा म्हणाला. "दात तुमचे. स्थानिक भागीदार म्हणून तुमचं नाव मागच्या बाजूला टाकू."

"मी नाही सोलणार."

"हरकत नाही. पलीकडच्या डोंगरावरची साळू बोलावू. ती प्रशिक्षित आहे."

वरून शेकरू खेकसली, "साळे! एकदा खाल्लंस ते पुरलं नाही का? आता पाहुण्यांना वाढतेस?"

रागावलेली साळू काटे फुलवते. ही साळू काटे मिटून बसली. बाळांनो, तसल्या जनावरापासून जास्त सांभाळून राहायचं.

मग ती म्हणाली, "सोलते. दुसरीला कशाला त्रास? पण घुबडांना विचारलंत ना?"

"कोणाला?"

"त्यांचं अंधारबोध मंडळ आहे. नाही घेतलंत, तर हत्तिणीकडे जातील. म्हणतील, सगळे मिळून म्हणता आणि आम्हाला वगळता."

कोल्ह्याचं तोंड उतरलं. भागीदारीला देणगी हत्तिणीची होती. घुबडांना घ्यावंच लागलं.

आता चार संस्था झाल्या आणि घेर तीनच वीत. माकड म्हणालं, "अक्षर बारीक काढू."

"हत्तिणीला बारीक दिसत नाही," कोल्हा म्हणाला.

"मग एक नाव खाली घेऊ."

"कोणाचं?" बगळा मान ताठ करून म्हणाला.

पुन्हा तीन महिने जाणार हे सगळ्यांना दिसलं. तेव्हा ठराव झाला. ऐन चार वीत होईपर्यंत थांबायचं. तोवर झाड करारासाठी राखीव. त्याला कोणी दात, नख, चोच लावायची नाही. पाळीपाळीनं पहारा करायचा.

"उत्तम," साळू म्हणाली. "बसा. मी पुढचा धडा घेते."

पुढच्या फाल्गुनात ते वेलाची दोरी घेऊन घेर मोजायला आले. साळूनं आदरानं विचारलं, "अस्वलांना कळवलंत ना? आणि मुंगसांना?" झाल्या सहा संस्था.

त्यापुढच्या वर्षी सरडे आले. त्यांची संस्था एकच होती, पण अध्यक्षपदावरून भांडण होऊन दोन झाल्या होत्या. दोघांनाही घ्यावं लागलं. मग आणखी दोन संस्था आल्या आणि शेवटी कासवं आली. त्यांना निमंत्रण पहिल्याच वर्षी गेलं होतं.

दोरी दर वर्षी थोडी लांब लागे. यादी दर वर्षी त्याहून लांब होई. पहारा मात्र कडक होता. भागीदारांनी एवढं एक काम मन लावून केलं. कारण प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय होता.

शके एकोणीसशे एकोणचाळीसच्या फाल्गुनात ऐन चार वीत भरला. संस्था अकरा झाल्या होत्या. कोल्हा दोरी धरून कमी पडणाऱ्या सात वितांचा हिशेब लावत होता.

तेवढ्यात बेहड्याची फांदी हलली.

शेकरू म्हातारी झाली होती. तिनं दोनदा अंग मागे घेतलं. साळूनं खाली धडा थांबवला. पिल्लांनीही माना वर केल्या. तिसऱ्यांदा शेकरू सुटली. ऐनाची फांदी वाकली, लवलवली, पण मोडली नाही. बेहड्याचं एक फळ टप्पकन कोल्ह्याच्या डोक्यावर पडलं.

ऐनावरून ती उंबरावर गेली. तिथून मागे वळून पाहिलं.

"साळे!"

"काय, बाई?"

"फिटलं."

साळूनं मान हलवली. आणि थांबलेला धडा पुढे सुरू केला.

तात्पर्य : एकीचं बळ मोठं. तीन संस्था एक झाल्या तर झाड मरतं, अकरा झाल्या तर वाचतं. तेव्हा भागीदार जोडत राहा. फक्त सगळ्यांना पुरेल एवढी साल कधी होऊ देऊ नका.