गोरक्षचा पाय, माझ्या नावावर

मी एका माणसाचा जीव वाचवलाय. (वाचवायची होती बिडी. जीव मधे आला.)

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली. तेव्हापासून आमच्या बायकोनं, मेरीनं, माझी बिडी बंद केली आणि मी ती गोठ्यामागं चालू ठेवली. मग सोनईत, चर्चच्या हॉलमध्ये, हार्टवाल्यांसाठी शिबिर लागलं. पायाचं प्रेशर मोजणार म्हणे. पायाचा आकडा भागिले हाताचा आकडा. उत्तर एकाच्या आसपास आलं तर ठीक. बरंच खाली आलं तर पायाच्या नळ्या तुंबल्या समजायच्या, आणि असल्या हार्टवाल्याला पुढं धोका जास्त. (भागाकार लागला म्हणून मी चौथीतच शाळा सोडली. तो साठ वर्षांनी पायात आला.)

"बिडी पायात दिसती म्हनं," मेरी म्हणाली. "आकडा कमी आला तर मी चालले सुप्याला, एडविनकडं. चुलीपाशी तुमी बसा." (एडविन म्हणजे आमचा पोरगा.)

मी तडक गोरक्षला गाठलं. एका वर्गातला दोस्त. सत्तरीतही शेतावर चालत जातो, फक्त दर शंभर पावलांवर थांबून लोकांच्या उसाला नावं ठेवतो. मी त्याला ऊस-इन्स्पेक्टर म्हणायचो. असा पाय दुसरीकडं कुठं मिळायचा? बिडीचं एक बंडल कबूल केलं आणि माझी शिबिराची चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"अब्राहाम कोण?" सिस्टर सिल्व्हियानं हाक मारली.

"मी," गोरक्ष म्हणाला.

"बाबा, कपाळाला हे गंध?"

"डोकं दुखतंय."

सिस्टरनं त्याला आडवं केलं. दंडाला पट्टा, घोट्याला पट्टा, वर जेल आणि पेनासारखं यंत्र. मी पडद्याआड कान लावून उभा. यंत्रातून दंडाच्या नाडीचा आवाज कसा दणदणीत! पायाचा मात्र नीट ऐकूच येईना; सिस्टरनं पट्टा दोनदा सोडून बांधला.

"बाबा, चालताना पोटऱ्या भरून येतात?"

"येत्यात की."

"मग काय करता?"

"थांबतो. नुस्तं थांबलं तर लोक हसत्यात, म्हून ऊस बघतो."

माझं हसू पडद्यामागंच विझलं.

"हाताचे दीडशे, पायाचे नव्वद," सिस्टर डॉक्टरांना म्हणाली, "आणि चिठ्ठीवर स्प्रिंग बसवल्याचं लिहिलंय. अब्राहामच्या घरचं कोणी आहे का?"

मेरी बाहेर चहा वाटत होती. किटलीसकट रडत आत आली आणि गपकन थांबली.

"भावजी, तुमी हितं? मंग आमचे हे?"

गोरक्षनं पडद्याकडं बोट केलं. (साठ वर्षांची दोस्ती!)

मग खऱ्या अब्राहामाला आडवं केलं. उत्तर एकाच्या जरा वरच आलं. म्हणजे सगळी लबाडी फुकट गेली. डॉक्टर म्हणाले, "पाय चांगला आहे, पण बिडी कायमची बंद." मेरी तरीही सुप्याला गेलीच. गोरक्षला मात्र नगरला नेलं. तिथं त्याच्या हृदयाच्याही दोन नळ्या अरुंद निघाल्या. वेळेत सापडल्या म्हणून बरं; पायाच्या नळ्यांसकट सगळ्या मोकळ्या करून घेतल्या.

परवा तो आमच्या घरी चालत आला. वाटेत एकाही उसापाशी थांबला नाही. मी जळकी भाकरी उलटत बसलो होतो.

"गोरख्या," मी छाती काढून म्हणालो, "माझ्यामुळं जगलास. काय देतोस बोल."

त्यानं मी दिलेलं बंडल, न फोडलेलं, माझ्या परातीत टाकलं.

"डाक्टर म्हनला, पाय बिडीनं गेले. अब्र्या, भागाकाराच्या तासाला शाळंमागं नेऊन मला पयली बिडी कुनी पाजली हुती रं?"