विहिणींचे काळे चष्मे

"मुलगी चांगली आहे हो, पण डोळे किती झोपाळू! संसार करणार की पेंगणार?"

सासू जाऊनही वर्षं झाली, पण सोयरिकीच्या बैठकीतला तिचा हा आवाज जोम-रेच्या कानातून काही गेला नव्हता. तेव्हा शेजारी बसलेला होणारा नवरा, दल-सू, मुळ्याची किमची, ते आंबट-तिखट लोणचं, चघळत गप्प राहिला होता.

आता वयानं पापण्या ओल्या दुलईसारख्या डोळ्यांवर उतरल्या होत्या. त्यात लेक यून-सेचं लग्न जमत आलं, दोन्ही घरांच्या भेटीचा दिवस पुढच्या महिन्यात निघाला. 'माझ्यावरून लेकीला कोणी बोल लावायला नको,' म्हणून जोम-रेनं डॉक्टरकडून जादा कातडी काढून पापण्या वर उचलून घेतल्या. आळीतल्या निम्म्या बायकांनी करून घेतल्या होत्या. त्यात लाज ती कसली?

टाके ओले असतानाच यून-सेचा फोन आला. "आई, भेट या रविवारीच! त्याचे बाबा परदेशी निघालेत."

"अगं, डोळे रश्श्यात फुगलेल्या तांदळाच्या वड्यांसारखे झालेत माझे!"

"काळा चष्मा लाव. डोळे आलेत म्हणून सांगू."

रविवारी हॉटेलच्या अंधुक खोलीत पाऊल टाकताच जोम-रे कमरेतून वाकली. "प्रवास सुखाचा झाला ना?"

"आई, तो टांगलेला कोट आहे!"

"मग असा माणसासारखा कशाला टांगतात?"

दल-सूनं तिला कोपराला धरून वळवलं. समोर विहीणबाई. त्यांच्याही डोळ्यांवर काळा चष्मा!

"माफ करा हं, माझे डोळे आलेत," जोम-रे म्हणाली.

"अगंबाई, माझेही!"

साथ आली समजून व्याही भिंतीला चिकटले. नवरामुलगा यून-सेकडे बघू लागला, यून-से छताकडे.

आता मानाचं वाकणं. यात कमी पडून चालत नाही. जोम-रे वाकली, विहीणबाई त्याहून वाकल्या, जोम-रे आणखी वाकली आणि खट्! कपाळावर कपाळ. एक चष्मा मुळ्याच्या किमचीत, दुसरा माशाच्या रश्श्यात.

चार सुजलेल्या पापण्या, चारींवर निळे टाके.

"तुमचे कधी?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"मंगळवारी. तुमचे?"

"बुधवारी! यून-सेची आई फार देखणी, असं लेक सारखा सांगायचा. म्हटलं, आपण म्हातारं दिसायला नको."

"देखणी? मी?"

दोघी खिदळू लागल्या.

"हसवू नका हो, टाके ताणतात!"

"तुम्हीच हसवताय!"

लग्न तिथंच पक्कं झालं. जोम-रेनं कपाळ चोळत सुस्कारा सोडला. "चला, आता तरी कोणी झोपाळू म्हणणार नाही."

किमचीतून काढलेला चष्मा पुसता पुसता दल-सूनं घसा खाकरला. कान लालेलाल.

"आई बोलली तेव्हा तोंडात मुळा होता गं, म्हणून सांगायचं राहून गेलं. मला ते झोपाळू डोळेच आवडले होते."