जंतमास्तर

मुरुडच्या बाजारात वसंताचं मेडिकल आहे. तिथे डोकेदुखीची गोळी मागितली तरी तो आधी काउंटरवरून वाकून तुमचे पाय बघतो. पायात चप्पल नसली की गोळी मिळायला उशीर होतो. मग प्रश्न येतो, "जंताचं औषध शेवटचं कधी घेतलं?"

हे तो सगळ्यांना विचारतो. नव्या नवरीला सासूसमोर विचारलं. मुंबईची एक बाई उन्हाचं क्रीम मागत होती, तिलाही विचारलं. ती क्रीम न घेताच गेली. म्हणून बाजारात त्याला जंतमास्तर म्हणतात. त्याला ते आवडतं असं वाटतं.

मी त्याच्या समोरच मुळा आणि माठ विकायला बसते. गिऱ्हाइकाने जुडी उचलली की हा दुकानातून ओरडतो, "चांगल्या पाण्यात तीनदा धुवा हां!"

मी म्हटलं, "मेल्या, मी तुझ्या गोळ्यांना नावं ठेवते का?"

"ठेवा की, मावशी. तारीख बघूनच घ्यावी."

अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

गेल्या वर्षी माझी नात पिवळी पडली. सात वर्षांची पोर, चार पावलं चालली की बसायची. भिंतीची माती खायची. सून म्हणाली, दृष्ट लागली. मी मीठमोहऱ्या उतरवल्या, काही फरक पडला नाही. मग वसंताकडे रक्तवाढीचं टॉनिक मागितलं. बाटली त्याच्या पाठीमागेच होती.

"कोणाला पाजणार?"

"नातीला."

"नातीला की तिच्या पोटातल्यांना?"

"बाटली दे. अक्कल न्हाय मागितली."

"आधी सरकारी दवाखान्यात न्या. उद्या नेलं नाहीत तर दुकान बंद करून मी येतो."

मी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. सुनेला आणि पोरीला स्कूटरवर घालून घेऊन गेला. तपासणीत जंतच निघाले, पायातून शिरणारे, आत बसून रक्त पिणारे. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर काढला असता तर पोर हातची गेली असती. घरातल्या सगळ्यांना गोळी दिली, पोरीला रक्ताचं औषध दिलं.

परत आल्यावर वसंताने विचारलं, "संडास कुठाय?"

दाखवला. चांगला पक्का आहे. त्याने दार उघडलं तर आत छातीपर्यंत नारळांचा ढीग.

"पावसात कोरडे राहतात," मी म्हटलं.

"आणि तुम्ही कुठे जाता?"

"मागं नारळीच्या वाडीत. आणखी कुठं?"

त्याने पोरीच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. आमच्या वाडीत राखणदाराचं, वाडी राखणाऱ्या देवाचं, ठाणं आहे, तिथे कोणी चप्पल घालून जात नाही. सासऱ्यांपासूनची रीत. पोर विसरली की मीच तिला परत बोलावून चपला काढायला लावायची.

वसंता म्हणाला, "राखणदाराला चप्पल चालत न्हाय, आणि हे चालतं व्हय?"

मी पोरीच्या चपला शोधायला लागले.

"नारळ बाहेर, माणसं आत," तो म्हणाला, आणि बाह्या सरसावून स्वतःच नारळ काढायला लागला. संध्याकाळ झाली तरी काढतच होता. मी मदत केली नाही. चहा दिला.

चार महिन्यांत पोर वाडीभर पळायला लागली, चपला घालून. मी वसंताला जेवायला बोलावलं. शेजारीण म्हणाली, "बोलवू नका, घरभर नाक खुपसत फिरेल." त्याला बाजारात कोणीच जेवायला बोलवत नाही. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. हे मला माहीत होतं. लक्षात मात्र कधी घेतलं नव्हतं.

इस्त्रीचा शर्ट घालून आला. पोर त्याला चिकटून बसली. तो बांगड्याचे काटे काढून तिच्या ताटात ठेवत होता, स्वतः कमीच खात होता. भात वाढायला गेले तर दोनदा "पुरे" म्हणाला.

सगळे उठले. पोरही उठून शेजारी खेळायला गेली. हा आपला रिकाम्या ताटावर बसून. हात वाळला तरी उठेना.

मी म्हटलं, "ऊठ रे, हात धू."

तो दाराकडे बघत होता. बाहेरून पोरीचा आवाज येत होता.

"मावशी, थोडा भात हाय का अजून?"

भूक त्याला नव्हती, ते मला दिसत होतं. मी भात वाढला आणि पोरीला हाक मारली.