पापी आहे, पण चाललंय

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये "कसे आहात?" असं विचारलं की सगळे "फाइन" म्हणतात. माझ्या भिंतीपलीकडचे शांतवनकाका म्हणतात, "पापी आहे, पण चाललंय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजीची पिशवी घट्ट धरली. गुरुग्रामसारखं गाव, नवा शेजारी, आणि तोंडावर सांगतोय पापी आहे म्हणून. पुढं कळलं ते असं: काका लूथरन पंथाचे ख्रिस्ती, मूळ पांढुर्ण्याचे, दिल्लीत रेल्वेतून निवृत्त. काकू वारल्या तसे मुलाकडं, आशिषकडं, राहायला आले. मी अमरावतीची, बौद्ध, दिल्लीत सरकारी नोकरीला. मराठी बोलायला मिळतं म्हणून आमचं जमलं.

"गजभियेबाई," काका मला समजावून सांगत, "माणूस पापी असतो आणि त्याच वेळी देवानं क्षमा केलेलाही असतो. दोन्ही एकदम. फाइन वगैरे कोणी नसतं."

जितका राग त्या फाइनवर, तितकाच आशिषच्या चर्चवर. हे चर्च रविवारी सकाळी मॉलमधल्या सिनेमा हॉलात भरतं. ड्रम, रंगीत दिवे, मशीननं सोडलेला धूर. आशिष तिथं गिटार वाजवतो, पाळक, म्हणजे धर्मगुरू, प्रवचन करतो. काका पोरासाठी जातात, सगळे उभे असताना हाताची घडी घालून बसून राहतात, आणि परत आले की माझ्याकडं चहा पीत तक्रारी करतात.

"देव दिसत नाही हे ठाऊक होतं मला. आता धुरात पाळकही दिसत नाही."

गाण्यांचं तर विचारूच नका. "सगळं गाणं मी, मी आणि मी. मला कशाला भेटायचंय मला? रोज दाढी करताना भेटतो की." पाळकाच्या प्रवचनाबद्दल मत आणखी कडक. "पापाचं नाव नाही, क्रूसाचं नाव नाही. नुसतं प्रमोशन, व्हिसा, फ्लॅट. देवाला पार एचआर करून टाकलाय यांनी."

मग संध्याकाळी काका घरी आपली जुनी मराठी उपासना करतात, एकट्यानं. भिंत पातळ, त्यामुळं मलाही घडते. पाळकाची वाक्यं जाड आवाजात, मंडळीची उत्तरं साध्या आवाजात. गाणं बेसूर, पण एक कडवं गाळत नाहीत. मात्र पापांची कबुली झाली की काका थांबतात. बराच वेळ काही ऐकू येत नाही, मग एकदम पुढचं गाणं.

"मधे काय गाळता काका?" मी एकदा विचारलं.

"तिथं पाळक सांगतो, तुझ्या पापांची क्षमा झाली. ते आपलं आपण म्हणायचं नसतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं."

"पाळकच लागतो का?"

"नाही हो. कोणीही विश्वासणारा चालतो. आशिष असतो घरात. पण त्याच्या कानात ते हेडफोन." एवढं बोलून काकांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तुटून पडलं.

मधे आशिषची नोकरी गेली. कंपनीनं निम्मी टीमच काढली. त्याच्या चर्चमध्ये साक्ष द्यायची पद्धत आहे, म्हणजे देवानं काय दिलं ते सगळ्यांसमोर माइकवर सांगायचं. पाळकानं आशिषला सल्ला दिला, या रविवारी नवी नोकरी मिळाल्याची साक्ष दे, विश्वासानं आधीच बोल, मग मिळेल.

"याला आमच्याकडं खोटं बोलणं म्हणतात," काका लिफ्टमध्येच म्हणाले.

"पप्पा, इसको फेथ कहते हैं," आशिष म्हणाला आणि बाराव्या मजल्यापर्यंत दोघं दाराकडं बघत राहिले.

शनिवारी काका माझ्याकडं आले. "उद्या चला. माझ्याबरोबर बसून राहायला कोणीतरी पाहिजे."

"काका, आमचा देवाशी काही संबंध नाही."

"म्हणूनच तुम्ही शांत बसाल."

मी गेले. एका बाईंना कॅनडाचा व्हिसा मिळाला होता, एकांचा अडकलेला फ्लॅट विकला गेला होता. प्रत्येक साक्षीखाली की-बोर्डवाला मंद, गोड सूर धरून होता. मग आशिषचं नाव पुकारलं. त्यानं गिटार खाली ठेवली. त्याचा चेहरा मला बघवेना. आणि कधी न उठणारे काका उठले, तरातरा पुढं गेले आणि माइक घेतला.

"मेरी साक्ष ये है कि कुछ नहीं हुआ," काका म्हणाले. "मेरी बीवी बीमार थी. सबने प्रार्थना की, मैंने भी की. वो ठीक नहीं हुई, गुजर गई. मेरे लडके की नौकरी गई, दूसरी अभी मिली नहीं. फिर भी येशू हमको छोडके नहीं गया. बस, इतनाही."

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. की-बोर्डवाला तेवढा बिचारा वाजवत राहिला. आशिष बाजूच्या दारानं निघून गेला.

परतताना कॅबमध्ये काका म्हणाले, "पोराला लाजवलं का हो मी?"

"लाजवलंत," मी म्हटलं. उगाच कशाला खोटं बोलू? "पण त्याला खोटं बोलावं लागलं नाही."

आशिष संध्याकाळी घरी आला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं उपासना सुरू झाली. मी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यात लपवण्यासारखं काय? कबुली आली. छापील वाक्यं म्हणून झाल्यावर काका हळूच म्हणाले, "आज चारचौघांत मी माझ्या पोराला लाजवलं."

मग नेहमीची शांतता. आता पुढचं गाणं, असं मला वाटलं.

"पप्पा, कौनसा पान?" आशिषचा आवाज.

"कबुलीच्या खाली. जाड अक्षरात."

पोराची सगळी शाळा दिल्लीची. मराठी तो अडखळत वाचतो. "तुझ्या... सर्व पापांची... तुला क्षमा... झाली आहे." जरा थांबून म्हणाला, "अब मुझे भी बोलो, पप्पा. आज मैं झूठ बोलनेवाला था."

मला भिंतीला टेकून रडू आलं. काकांनी तेच वाक्य त्याला सांगितलं. पाळकाचा जाड आवाज मात्र त्यांना काही केल्या लागला नाही.