दीड फॅटचा डॉक्टर

माझे मामा माणसांची फॅट काढायचे. पाहुणा उठून गेला की म्हणायचे, "साडेतीन. चालंल." मला बघायला आले तेव्हा तर पाहुण्यांसमोरच म्हणाले, "पोरगं चार लागतंय, द्या." मी आत लाजून मेले.

मामा गावच्या दूध सोसायटीत होते. दुधात लोणी किती, म्हणजे फॅट, ते तपासायचे. साडेतीनच्या खाली लागलं की दूध परत. पुढे एका दुष्काळात जनावरं छावणीला गेली, सोसायटीत दूधच येईना. त्याच साली मामांना दम लागू लागला. शिकाऊ डॉक्टरांच्या मोठ्या दवाखान्यात कळलं, त्यांच्या काळजात फुसफुस आवाज येतो. आवाज इतका नामी, की दर परीक्षेला मामांना बोलावणं येऊ लागलं. मामा धुतलेलं धोतर नेसून नवरदेवासारखे निघायचे. डबा घेऊन मी सोबत.

पोरं छातीला नळी लावायची, मोठे सर मार्क द्यायचे. पोरगं वळलं की मामा माझ्या कानात फॅट सांगायचे. नाव विचारलं तर अर्धा जास्त. गार नळी टेकवली तर अर्धा कमी. एका उंच पोरानं मामांच्या तोंडाकडे न बघताच सगळं घडाघडा सांगितलं. सर खूश. मामा मोठ्यानं म्हणाले, "दीड! नुसतं पाणी हाय. सर, ह्याला परत पाठवा." पोरगा कानापर्यंत लाल झाला.

बऱ्याच वर्षांनी मामांचे पाय सुजले. घाटनांदूरला एका डॉक्टरकडे नेलं. तोच उंच पोरगा. त्यानं नळी आधी तळहातात चोळून ऊन केली, मग टेकवली. "मामा, जेवलात का?" सदऱ्याची बटणं स्वतः लावून दिली आणि हसून म्हणाला, "अजून दीडच ना?"

मामा वहाणा घालून बाहेर पडले. एसटीत बसल्यावर मी छेडलं, "सांगा की मामा, किती लागली?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तू चौथीत व्हतीस, त्या आधल्या दुष्काळात तुझ्या आईनं आणलेलं दूध म्या परत केलतं. चार माणसांत. पाणी घातलं म्हणलो." मग हळूच म्हणाले, "गाईला चाराच न्हवता गं."

आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. ती गेलीही. मला एवढंच आठवतं, की चौथीनंतर दूध घेऊन सोसायटीत मीच जायचे, आणि मामा माझी किटली न तपासताच ओतून घ्यायचे.