केळुसकरांचा वन्स मोअर

आमच्या फणसवाडीतल्या केळुसकरकाकांनी एकदा शोकसभेत वन्स मोअर दिला होता.

वाडीतले एक मास्तर गेले, तेव्हाची गोष्ट. मास्तरांनी लिहिलेल्या अभंगाला त्यांच्या सुनेने स्वतः चाल लावली आणि तो सभेत म्हटला. लोक डोळे पुसत होते. अभंग संपला, सगळं शांत झालं, आणि मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!" अध्यक्षांच्या हातातला हार खाली पडला. मास्तरांच्या मुलाने वळून असं पाहिलं, की लगेच आणखी एक शोकसभा घ्यावी लागणार अशी आम्हांला धास्ती वाटली. सून बिचारी बावरली आणि तिने खरंच पुन्हा म्हटला. नंतर सगळे काकांवर तुटून पडले, तर काकाच उलट सगळ्यांवर तुटून पडले.

"पोरीने नवी चाल लावली. पहिल्या वेळी तुम्ही रडत होतात. ऐकली कुणी? दुसऱ्या वेळी ऐकलीत. खोटं असेल तर सांगा!"

खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

मधुसूदन केळुसकर. गोदीच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, अंगाने काडी आणि आवाजाने तोफ. वाडीतली पोरं त्यांना तोंडावर आजोबा म्हणतात आणि पाठीमागे 'वन्समोअर'. त्यांना दोन्ही ठाऊक आहे. आई सांगते, पूर्वी हा माणूस नाटकाला गेला तर टाळीसुद्धा वाजवायचा नाही. हे ओरडण्याचं खूळ नंतरचं.

पण एक गैरसमज नको. गाजलेल्या गाण्याला काका कधीही वन्स मोअर देत नाहीत. गणपतीत मंडळाचा ऑर्केस्ट्रा असतो, गायक हिट गाणं म्हणतो, अख्खी वाडी शिट्ट्या मारत "वन्स मोअर" करते, तेव्हा काका हाताची घडी घालून चिंच खाल्ल्यासारखा चेहरा करून बसतात. "त्या गाण्याला सगळी मुंबई आहे. त्याला माझी काय गरज?" तोच ऑर्केस्ट्रातला एखादा कीबोर्डवाला मध्यंतराच्या तोंडावर भीतभीत स्वतःची चाल वाजवतो, पब्लिक वडापावकडे पळतं, आणि काका खुर्चीवर उभे राहून बोंब ठोकतात. कीबोर्डवाल्याला आधी वाटतं, आपली कुणीतरी खेचतंय.

"पहिल्यांदा नुसती ओळख होते. भेट दुसऱ्यांदा." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ते जेवणालाही लागू आहे; काका आमचे शेजारी, जेवायला आमच्याकडेच असतात. आईने नवीन काही केलं की पहिली वाटी ते मुकाट्याने संपवतात, आणि रिकामी वाटी पुढे करून म्हणतात, "हां, आता चव बघू." आई म्हणते, हा माणूस तत्त्वाच्या नावाखाली माझं पातेलं रिकामं करतो.

लग्नालाही लागू होतं. कुमुदकाकूंना पाहायला गेले तेव्हा पोहे खाल्ले, एक अक्षर बोलले नाहीत, आणि निघताना मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पुन्हा एकदा यावं म्हणतो." वडील भडकले. नापसंत असेल तर सरळ सांगा म्हणाले. पुढच्या रविवारी स्वारी हजर! कुमुदकाकूंनी पोह्यांची बशी समोर आदळली आणि विचारलं, "आणखी किती रविवार पोहे करायचेत?" तिथेच लग्न ठरलं. "पहिल्या वेळी मान खाली घालून बसली होती, ती कुणीही असू शकली असती," काका सांगतात. "दुसऱ्या वेळी कुमुद होती." काकूंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तर असे हे काका, आणि अशात माझ्या मामेबहिणीने एक पराक्रम केला.

तन्वी लालबागला राहते. मामा माझगाव डॉकमध्ये फिटर. घरात बाजाची पेटी, ती आजोबांच्या भजनाची. ह्या पोरीने भायखळ्याच्या एका चर्चमधल्या बाईंकडे पियानो शिकून घेतला आणि मग साहेबाच्या पद्धतीचं संगीत लिहायला लागली. एका मोठ्या वाद्यवृंदाने जाहिरात दिली होती. 'उगवत्या संगीतकारांना व्यावसायिक वाद्यवृंदाबरोबर काम करण्याची संधी.' तन्वीने रचना पाठवली आणि ती निवडली गेली! रचनेचं नाव 'कांडप'. त्यांच्या घराखाली मसाला कांडपाचं दुकान आहे. दिवसभर कुटायचे लोखंडी डंक खालीवर आपटतात, मिरची कुटली जाते आणि सगळी चाळ शिंकते. हे सगळं तिने पन्नासएक वादकांसाठी लिहिलं होतं. त्यात बासऱ्या शिंकत होत्या. मामा येईल त्याला सांगत होता, "माझ्या चेडवान सायबाच्या बाजात मिरची घातल्यान!"

ती पत्रिका घेऊन आमच्याकडे आली तेव्हा काका आमटीच्या दुसऱ्या वाटीवर होते.

"किती वेळा वाजणार?" त्यांनी विचारलं.

"एकदा, काका."

"एकदा त्या दिवशी, आणि मग?"

"मग नाही. मग पुढच्या वर्षी दुसरे उगवते संगीतकार."

काकांनी वाटी खाली ठेवली. "टेप तरी देणार?"

"रेकॉर्डिंग त्यांच्याकडेच राहतं. तसं ॲग्रीमेंट असतं. पण काका, रिहर्सल मिळते, सर्टिफिकेट मिळतं..."

"पोर जन्माला आलं, दवाखान्याने ठेवून घेतलं, आणि आईच्या हातात सर्टिफिकेट!" काका कडाडले. "आणि उगवते म्हणे! ज्याला त्याच संध्याकाळी मावळवायचं, त्याला उगवायला लावता कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाद्यवृंदाच्या ऑफिसात फोन लावला. स्पीकर चालू ठेवून, म्हणजे वाडीला ऐकू यावं. पलीकडच्या मॅडम फार गोड बोलत होत्या. "सर, आमच्याकडे किती यंग कंपोझर्स वेटिंगमध्ये आहेत. एकालाच दोन चान्स कसे देणार? इट्स नॉट फेअर ना?"

"बाई," काका म्हणाले, "तुम्ही रांग पुढे सरकवताय. माणूस तिथेच आहे."

मॅडमनी थँक्यू म्हणून फोन ठेवला. खरं सांगते, तोवर मी काकांना हसत होते. पण त्या थँक्यूने मलाही झोंबलं. पोरीने वर्षभर नोकरी सांभाळून जे लिहिलं, ते एकदा वाजवून कपाटात टाकायचं, वर आपण केवढी संधी दिली म्हणून मिरवायचं. आणि फेअर वगैरेही तेच ठरवणार!

तरी कार्यक्रमाला जाण्याआधी तन्वीने मला बजावलं होतं, "काकांना आण, पण ते तोंड नाही उघडणार असं बघ. प्लीज. तिकडे असलं चालत नाही." मी काकांना शपथ घालायला गेले. "शपथ कशाला? मी काय कोर्टात साक्षीला चाललोय?" म्हणाले, आणि इस्त्रीचा बुशशर्ट घालून निघाले. मामाला नेमकी रात्रपाळी होती, म्हणून आम्ही दोघंच.

हॉल दक्षिण टोकाला, एसी असा की शाल हवी. शिंकायचं झालं तरी परवानगी काढावी असं वातावरण. आधी पुरस्कर्त्या कंपनीच्या साहेबांचं भाषण झालं. उगवत्या कलाकारांबद्दल ते इतकं बोलले, की तेवढ्या वेळात 'कांडप' दोनदा वाजून झालं असतं. ते बोलत असताना काकांचे ओठ हलत होते. मी त्यांचा हात धरून ठेवला.

मग 'कांडप' सुरू झालं. ढोलांवर डंक पडायला लागले. व्हायोलिनं खवखवली. लोक अजून आत येत होते, खुर्च्या शोधत होते, "एक्स्क्यूज मी" करत आमच्या पायांवरून जात होते. बासऱ्या शिंकल्या तेव्हा दोनचार माणसं हसली. मला काहीतरी लख्ख वाटायला लागलं, तेवढ्यात एक बाई माझ्या आणि रंगमंचाच्या मधे उभी राहून नवऱ्याला हाक मारायला लागली. ती बसली तोवर रचना संपली. टाळ्या पडल्या, शिस्तीत. तन्वी उठून वाकली.

आणि माझ्या हातातला हात सुटला.

"वन्स मोअर!"

सगळा हॉल वळला. गोरा कंडक्टरही वळला. काका उभे राहून बोट वर करून सांगत होते, "पुन्हा वाजवा! लोक आत येत होते! कुणी ऐकलेलं नाही!" दोन गणवेशातली माणसं आली आणि अदबीने, पण दंडाला धरून, त्यांना बाहेर घेऊन गेली. मागोमाग मी, शालीत तोंड लपवून.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. मध्यंतरात तन्वी आली ती लालबुंद होऊन.

"काय केलंत हे काका! कंडक्टरने विचारलं मला, हा माणूस तुझा कोण? लाजेने मेले मी!"

"मग काय सांगितलंस?"

"ओळखत नाही म्हटलं!"

"बरोबर केलंस," काका शांतपणे म्हणाले. मला त्या शांतपणाची भीतीच वाटली. त्यांनी मांडीवर ठेका धरला, डंकाचा. वर व्हायोलिनांची सुरावट गुणगुणले, आणि थांबले. "बघ. एवढंच राहिलं माझ्याकडे. शिंका आल्यावर पुढे काय होतं गं? फार छान होतं, एवढंच आठवतंय."

तन्वीने पर्स खांद्यावरून उतरवली. मग म्हणाली, "मला पण नाही माहीत."

"म्हणजे?"

"कागदावरचं पाठ आहे, काका. पण तिथे पितळी वाद्यं वाजवणारे रिहर्सलला चुकले होते. आज पण चुकतील म्हणून मी डोळे घट्ट मिटून घेतले. आणि मग संपलंच." तिचा आवाज चिरकला. "मी पण नाही ऐकलं."

मला वाटलं, आता काका भडकणार. ते नुसते सरकले आणि पायरीवर तिला जागा करून दिली. "मग म्हण. आहे तेवढा वेळ."

"इथे? तोंडाने?"

"तुझ्याच घराखालचा डंक आहे. तुला कोण अडवणार?"

मध्यंतर संपलं तरी तन्वी आत गेली नाही. तिने पर्सवर डंक धरले. व्हायोलिनं म्हटली, गाल फुगवून पितळी वाद्यं भोंभों केली, बासऱ्यांच्या जागी खरोखर शिंकली. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. काकांना बाहेर काढणारा गणवेशवाला दारात उभा राहून ऐकत होता. शिंकांच्या पुढे, मिरची दमते आणि कुणीतरी बाई चाळणी हलवत एकटीच गुणगुणते, अशी एक जागा होती. मी हॉलमध्ये बसून ती ऐकलीच नव्हती.

तिचं संपल्यावरही आम्ही तिथेच बसून राहिलो, आणि बऱ्याच वेळाने आतून टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेना. मग वाद्यवृंद पुन्हा वाजायला लागला.

"हे काय?" काकांनी कान टवकारले. "पुन्हा वाजवतायत?"

"वो तो हमेशा होता है साब," गणवेशवाला म्हणाला. "लास्टवाला पब्लिक को पसंद आया, तो फिर से बजाते हैं."

"म्हणजे यांच्याकडे वन्स मोअर आहे!" काका ताडकन उठले. "कधीचा मेलेला साहेब, त्याचं जगभर रोज वाजतंय, त्याला पुन्हा! आणि ह्या जित्या पोरीला सांगतात, वेटिंगमध्ये बाकीचे आहेत!" ते दाराकडे निघाले होते. आम्ही दोघींनी धरून त्यांना टॅक्सीत कोंबलं.

काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. चर्नी रोडपर्यंत धुसफुसत होते. मग एकदम थंडावले, आणि समोर बघतच मला म्हणाले, "नीरजा, तुझ्या बारशाचा पाळणा कुमुदने केला होता. ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं.

"वाडीतल्या प्रत्येक बाळाचा करायची. शब्द नवे, चालही नवी. एकाचा पाळणा दुसऱ्याला चालायचा नाही तिला. बायका गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत असायच्या, पोरं घुगऱ्यांसाठी दंगा करायची, त्या गोंधळात ही म्हणायची. एकदा. नाव ठेवून झालं, की पाळण्याचं काम संपलं."

"लिहून नाही ठेवले?" तन्वीने विचारलं.

"चाल कुठे लिहायची? तुझ्यासारखं येत नव्हतं तिला. आम्ही पुरुष बाहेर गॅलरीत. मला आतलं अर्धंमुर्धं ऐकू यायचं. वाटायचं, पुन्हा म्हण म्हणावं. पण बारशाला वन्स मोअर कसा द्यायचा?"

"शोकसभेत दिलात की."

"ते नंतरचं," काका म्हणाले. "ती गेल्यावरचं."

मग काकांनी त्या तोफेच्या आवाजात नाही, अगदी बारीक आवाजात म्हटलं,

"गॅलरीत उजाडलं बाई, शेजारणी या गं, नीरजा आली पाहुणी..."

आणि थांबले. पुढचं त्यांच्याकडे नव्हतं. चाल शेवटी अशी काही वळत होती, की पाहुणी हा शब्द मी मनातल्या मनात म्हणून बघितला.

तन्वी पुढे वाकली. "वन्स मोअर, काका."

त्यांनी चमकून मागे पाहिलं. बहुतेक त्यांना कुणी हे कधी म्हटलंच नव्हतं. त्यांनी ओळ पुन्हा म्हटली, जरा सावकाश.

"पुढची चाल मी बांधू का?" तन्वीने विचारलं.

"नको. पुढचं तिचं होतं." टॅक्सी फणसवाडीच्या तोंडाशी थांबली, तरी काका उतरेनात. "तू एवढी ओळ ध्यानात ठेव. म्हणजे ती माहीत असणारे आपण दोघं होऊ."

"तिघं," मी म्हटलं.

"हो, तिघं," काका म्हणाले. "तुझी तर आज दुसरी वेळ."