रुसणारे फूफाजी मागणीनुसार मिळतील

दुपारी अडीच वाजता वॉशिंग मशीनने तीनदा पीं केलं आणि पाऊण तास जपून ठेवलेली घरातली शांतता फुटली. पलंगावर पाच वर्षांच्या सुरुचीने कूस बदलली. अनघाने लॅपटॉपवरची बोटं उचलली, श्वास रोखला आणि मशीनकडे असं पाहिलं, की माणूस असता तर त्याने माफी मागितली असती. सुरुची उठली नाही. तोंडातला अंगठा तेवढा अर्धा इंच बाहेर आला आणि परत गेला. भारतीय विवाह-उद्योगाला त्या दुपारी जी कलाटणी मिळाली, ती या अर्ध्या इंचावर अवलंबून होती.

कपडे झाले की यंत्र तसं कळवतं. धंदा बसला की तसं कळवण्याची सोय मात्र अजून कोणत्याही कंपनीने केलेली नाही, ते ज्याचं त्याने ओळखायचं असतं. राष्ट्रीय पातळीवर मंदी टक्क्यांत मोजतात. लग्नाच्या धंद्यात ती घोडीवरून मोजतात. लखनौच्या विकास नगरातल्या 'मंगलघडी वेडिंग्ज' या संस्थेची (एक गाळा, एक मालकीण, एक कर्मचारी, प्लास्टिकच्या निशिगंधाची चाळीस खोकी) आकडेवारी बोलकी आहे. दोन वर्षांपूर्वी दहांतले नऊ नवरदेव घोडीवरून आले. गेल्या हंगामात चार घोडीवरून, तीन स्वतःच्या गाडीतून, दोन मेहुण्याच्या गाडीतून आणि एक चालत. (त्याचं घर हॉलच्या समोरच होतं. पण पूर्वी अशा वेळी लोक रस्ता ओलांडण्यापुरती घोडी आणत.)

अनघाने मनाशी ठरवून टाकलं होतं. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी, एकादशीला लग्नाचा हंगाम उघडतो. तोवर आठ लग्नं हाताशी नसली, तर शटर खाली. नवरा निनाद रेल्वेत इंजिनिअर. तो म्हणाला होता, "तुला वाटेल ते कर." संसारात याहून घाबरवणारं वाक्य नाही.

आणि एकमेव कर्मचारी प्रतिमा म्हणाली होती, "दीदी, बंद करना हो तो बता दीजिएगा, हम उस दिन नया सूट नहीं पहनेंगे."

म्हणून त्या दुपारी अनघा एक वेबिनार ऐकत होती. विषय होता 'मंदीत तग धरण्याचे सात मार्ग'. मार्गदर्शकांच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं. ते मान हलवायचे तेव्हा कपाट थोडं त्यांच्या कानात शिरायचं. पहिले सहा मार्ग ज्यांच्याजवळ आधीच पैसे आहेत त्यांच्यासाठी होते. सातवा असा: "गिऱ्हाईक काय कापतंय ते पाहू नका. कापल्यावर त्याला काय चुकल्यासारखं वाटतं, ते पाहा."

तेव्हाच मशीनने पीं केलं, आणि अनघाला गीता मिश्रा आठवल्या.

जूनअखेरीस सरोजिनी नगरात मिश्रांच्या मुलीचं लग्न 'मंगलघडी'ने लावलं होतं. अत्यंत काटकसरीचं आणि अत्यंत यशस्वी. पाहुण्यांची यादी चारशेवरून एकशे दहावर आणली. वऱ्हाड वेळेवर आलं, पनीर पुरलं, साडेनवाला सगळे तृप्त होऊन घरी गेले. आणि वधूमाय गीताजी रिकाम्या खुर्च्यांत बसून म्हणाल्या, "बेटा, सब बढ़िया हुआ. बस, शादी जैसा कुछ लगा नहीं."

निदान प्रतिमाने केलं. "लगेगा कैसे? फूफाजी को ही काट दिया लिस्ट से. कोई रूठा ही नहीं."

फूफा म्हणजे आत्याचा नवरा, आपले आतोबा. उत्तरेकडच्या लग्नात वर, वधू, भटजी आणि फूफा हे चार घटक अनिवार्य मानले जातात, आणि त्यांतला रुसण्याचा अधिकार फक्त चौथ्याला असतो. तो कशावरूनही रुसू शकतो: हार दुसऱ्या क्रमांकाने घातला, चहा आला पण विचारून आला नाही, फोटोत अर्धा खांदा गेला. मग सारं घर कामधाम सोडून त्याच्यामागे धावतं. एकमेकांशी दोन वर्षं न बोललेले भाऊ या कामी एकत्र येतात. तो मानला की सगळे हसतात, फोटो निघतो, आणि तोच फोटो पुढे दिवाणखान्यात लागतो. लग्न खरं त्या वेळी लागतं. भटजींनी लावलेलं ते कागदोपत्री.

मंदीत सर्वांत आधी कापला जातो तो फूफाच. त्याच्यासाठी वेगळी गाडी लागते, वेगळी खोली लागते, आणि तो 'कशाला एवढा खर्च' असंही म्हणत नाही.

म्हणजे मागणी होती, पुरवठा नव्हता. सुरुची चार वाजता उठली तोवर 'रुसवा: कार्यपद्धती' हा दस्तऐवज तयार होता. त्यातील निवडक नियम:

एक. रुसणाऱ्याने 'मी रुसलो आहे' असं कदापि म्हणू नये. अधिकृत वाक्य: 'आम्ही कोण रुसणारे?'

दोन. रुसवा पनीर संपण्यापूर्वी सुरू व्हावा, अन्यथा तो भुकेचा समजला जातो.

तीन. रुसून दूर जावं, पण दिसेल इतपतच. (शिफारस: पार्किंग. दिव्याखाली.)

चार. पहिल्या मनधरणीला मानू नये. दुसऱ्या वेळी घरच्या थोरल्याने यावं. तिसऱ्या वेळी एखादं लहान मूल पाठवावं. लहान मुलापुढे टिकणारा रुसवा आमच्या पाहण्यात नाही.

हे सगळं इतकं नेमकं तिला कुठून सुचलं, असं प्रतिमाने विचारलं. अनघाने विषय बदलला. (या क्षेत्रातील एका जाणकाराशी तिचा फार जवळचा परिचय होता. पाच वर्षांपासून नव्हता.)

पदासाठी माधवजींची निवड झाली. माधव सक्सेना, वय चौसष्ट, एका सरकारी कार्यालयातून निवृत्त. तिथे एकतीस वर्षं लोक त्यांना 'साहब, मान जाइए' म्हणत होते, त्यामुळे प्रशिक्षणाचा खर्च वाचला. बायको गेलेली, मुलगा बंगळुरात. मुलाखतीत ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि चहा आला तसा म्हणाले, "नहीं नहीं, आप लोग पीजिए. हमारा क्या है."

प्रतिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते जागच्या जागी नेमले गेले.

एका वाङ्निश्चयात प्रयोग झाला आणि बातमी पसरली. सरासरी मनधरणी तेवीस मिनिटं, सहभागी नातेवाईक अकरा, मानल्यानंतर गळ्यात पडणारे सहा. विश्वजित नावाच्या एका नवरदेवाने लेखी कळवलं, की त्याचे वडील आणि काका माधवजींना समजावताना आठ वर्षांनी एकमेकांशी बोलले; विषय जरी 'तू त्यांचा डावा हात धर, मी उजवा धरतो' एवढाच होता, तरी. साध्या रुसव्याबरोबर 'विशेष' (पानाचा विडा थुंकून रुसणे) आणि 'शाही' (स्टेशनपर्यंत जाऊन परत येणे) या श्रेणीही सुरू झाल्या. लोकांनी घोडी कापली, आतषबाजी कापली, आइस्क्रीमचे सातांवरून तीन प्रकार केले. फूफाजी कोणी कापले नाहीत. एकादशीला पाच दिवस असताना अकरा लग्नं नक्की झाली होती, अकराही 'फूफाजी असतील तरच' या अटीवर. त्यांतली तीन एकाच संध्याकाळची. माधवजींनी एका रुसव्याहून दुसऱ्या रुसव्याला स्कूटरने कसं जायचं, त्याचं वेळापत्रक निनादने आखून दिलं. (रेल्वेची सवय, त्यात वीस मिनिटांचा उशीर गृहीत धरलेला होता.)

किरकोळ तक्रारी आल्याच. एका तिलकाला, म्हणजे नवरदेवाला टिळा लावण्याच्या समारंभाला, घरचे खरे फूफाजीही न बोलावता आले. तेही रुसले. पण माधवजींचे तास ठरलेले असल्यामुळे घरच्यांनी आधी माधवजींना मनवलं. खरे फूफाजी आपल्या गाडीला टेकून चाळीस मिनिटं उभे होते. कोणी आलं नाही. मग ते आपले आपणच आत आले, जेवले, आणि वाढणाऱ्याला म्हणाले, दाल अच्छी है. संस्थेने ही घटना 'किरकोळ' या सदरात नोंदवली. अनघाने घरी आल्यावर सुरुचीची वेणी दोनदा घातली. पहिली सरळच आली होती.

एकादशीला तीन दिवस उरले असताना माधवजी रुसले.

खरे.

फोन उचलेनात. प्रतिमा घरी जाऊन आली. "दीदी, दरवाज़ा खोला, बैठाया, पानी भी दिया. फिर बोले, हम कौन होते हैं नाराज़ होने वाले?"

अनघाच्या हातातला चमचा खाली पडला. हा नियम क्रमांक एक होता.

कारण उघड झालं. हंगामाच्या आरंभी गाळ्यात छोटी पूजा ठेवली होती. निमंत्रण सर्वांना व्हॉट्सॲपवर गेलं होतं. पीडीएफ. बॅंडवाले, फुलवाले, केटरर आणि माधवजी, सगळ्यांना एकच, एकाच ठोक्यात. ज्या माणसाला शहरभरची अकरा घरं हातापाया पडून मनवणार होती, त्याला त्याच्या मालकिणीने 'कृपया उपस्थित राहावे, वाहनतळ उपलब्ध' असं कळवलं होतं.

"अकरा लग्नं," निनाद म्हणाला. "तू स्वतः जा. आणि हे बघ, अक्षता घेऊन जा."

तो हे अगदी सहज म्हणाला, टॉवेल शोधता शोधता. पण म्हणून झाल्यावर तो टॉवेल शोधायचा थांबला, आणि तीही त्याच्याकडे बघायची थांबली.

माधवजी जानकीपुरमात राहत. अनघाने हळदीकुंकवात भिजवलेल्या अक्षता घेतल्या, सुपारी घेतली, पेढे घेतले आणि सुरुचीला घेतलं. (नियम चार. घरी तिला सांभाळायलाही कोणी नव्हतं, पण नियम तो नियम.) माधवजींनी दार उघडलं, बसवलं, पाणी दिलं, खिडकीकडे तोंड केलं.

"बाबूजी, गलती हो गई."

"अरे नहीं बेटा. आजकल सब मोबाइल पे होता है. हम समझते हैं."

"आपके बिना पूजा नहीं होगी."

"हो जाती है. सबके बिना सब हो जाता है."

हे कार्यपद्धतीत नव्हतं. अनघाने पेढ्यांचा डबा पुढे सरकवला. तेव्हा सुरुची खुर्चीवरून उतरली, मुठीतल्या अक्षता (अर्ध्या तिने वाटेत सांडल्या होत्या) माधवजींच्या गुडघ्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "फूफाजी, चलो ना. पेड़ा मैं खोल दूँ?"

तेवीस मिनिटं लागतात. त्यांना चार लागली. ते रडले, हसले, दोन पेढे खाल्ले, आणि म्हणाले की शाही श्रेणीत स्टेशनऐवजी विमानतळ ठेवला तर कसं. अकरा लग्नं वाचली. शटर उघडं राहणार होतं, आणि प्रतिमाला नवा सूट घालता येणार होता. मंदीत उद्योग कसा तगवावा याचं हे उदाहरण पुढेमागे एखाद्या वेबिनारमध्ये येईलही, कपाटासकट.

परत येताना ई-रिक्षा जानकीपुरमच्या चौकात लाल दिव्याला थांबली. डावीकडे विकास नगर. उजवीकडे तिसऱ्या गल्लीत एक निळं फाटक आहे. तिथे निनादची थोरली बहीण कांचनताई आणि हवाई दलातून निवृत्त झालेले तिचे यजमान नरहरराव राहतात. सुरुचीच्या बारशाचं निमंत्रण त्यांना पीडीएफने गेलं होतं. अनघाचं डिझाइन होतं, कोपऱ्यात छोटा पाळणा. घरच्या जावयाला, चार किलोमीटरवर, पीडीएफ. ते आले नाहीत. 'मी कोण रुसणारा?' असं म्हणाले म्हणे. मग कामं होती, मग सुरुचीचे दात येत होते, मग हंगाम होता, आणि मग इतके दिवस झाले होते की जायचं तर काय तोंडाने. कांचनताई अधूनमधून फोन करतात, नेहमी गच्चीवरून.

या विषयावरची राष्ट्रीय आकडेवारी उपलब्ध नाही. हा मजकूर इथवर वाचताना किती जणांना आपलं एखादं फाटक आठवलं, आणि त्यांपैकी किती जण वाचन बाजूला ठेवून उठले, याची नोंद संस्थेकडे नाही. पहिला आकडा मोठा असावा. दुसऱ्याबद्दल संस्था काही बोलू इच्छित नाही. तुम्ही अजून वाचताच आहात.

दिवा हिरवा झाला. "सीधे बाएँ न, मैडम?" रिक्षावाल्याने विचारलं.

अनघाच्या पिशवीत पेढ्यांच्या डब्यात सहा पेढे उरले होते. अक्षतांच्या पुडीत चिमूटभर अक्षता होत्या. सुरुचीने आईच्या मांडीवर डोकं टेकलं, उजवीकडच्या गल्लीकडे पाहिलं आणि झोपाळू आवाजात विचारलं,

"मम्मा, मेरे वाले फूफाजी को मनाने कोई क्यों नहीं जाता? उनकी बुकिंग नहीं है?"